स्वर्ग दोन बोटं

जावयाच्या हॉटेलात फक्त सासूबाईंच्या गावाकडचं जेवण मिळायचं. पहिल्या घासालाच गिऱ्हाइकाला स्वर्ग दोन बोटं उरायचा, म्हणजे अगदी अक्षरशः. डोळे मिटून माणूस खुर्चीवरून अलगद उठायचा आणि ताट मांडीवर घेऊन छताखाली तरंगत राहायचा. वाढपी शिडी लावून वाढायचा. "काका, पंख्याला जपा," एवढंच म्हणायचा.

आज सासूबाई पहिल्यांदाच जेवायला आल्या होत्या. जावई स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन श्वास रोखून उभा होता. अख्खं हॉटेल वर संथ डुलत होतं. सासूबाई मात्र दोन वाट्या रस्सा संपवूनही खुर्चीत जशाच्या तशा. जावयाचं तोंड एवढंसं झालं. तो टेबलापाशी गेला.

"नाही ना जमलं, आई?"

"इकडे वाका जरा," त्या हळूच म्हणाल्या.

तो वाकला. टेबलाखाली त्यांनी डाव्या हाताने टेबलाचा पाय गच्च धरून ठेवला होता. बोटं पांढरी पडली होती.

"या वयात एकदा वर गेलेलं माणूस खाली येत नाही, जावईबापू. आणि मला अजून भात घ्यायचाय."