खांबावरचा मासा

निजामाच्या काळात मांजरा नदीवर पूल झाला, तेव्हा गुरुसिद्धप्पाच्या पाथरवट आज्यानं मधल्या खांबाच्या पायावर, वाळूखाली, मासा कोरून ठेवला. "मासा दिसला की पाया सुटला समजा," एवढंच तो सांगून गेला. उपसून उपसून वाळू सरली, यंदा मासा दिसला. गुरुसिद्धप्पा सरपंचबाईंना सांगायला गेला, तोवर माशाला शेंदूर लागलेला. "देव प्रगटलाय, अप्पा," सरपंचबाई हात जोडून म्हणाल्या. "बाई, ती आज्याची खूण हाय. पूल बंद करा." "देवाला असं बोलू नये." सोमवारी पूजा ठरली. खाली चिखल, म्हणून दर्शन पुलावरूनच. महामार्गावरचे ट्रक, एसट्या मधल्या खांबावर थांबू लागल्या. माणसं एकाच कठड्याला रेलून फुलं टाकू लागली. गुरुसिद्धप्पानं कठड्याला कान लावला. आत दगडावर दगड करकरत होता. त्याला वाकलेलं बघून मागची रांग तिथंच डोकं टेकायला पुढं सरकली.