लाल फोल्डर

निवृत्त हेडक्लार्क अण्णांनी दोन दिवस खपून ईमेलमध्ये रंगीत फोल्डर केले. हिरवा झालेल्या कामांचा, पिवळा सवडीने बघायचा आणि लाल अतितातडीचा. पहिले दोन जाहिरातींनीच भरले, पण लाल काही केल्या भरेना. "सूनबाई, एखादं संकट पाठव ना गं!" असा फोन त्यांनी सुनेला तिच्या ऑफिसात केला, तेव्हा ती बिचारी हसावं की रडावं या पेचात पडली.

दुपारी त्यांची बायको, माई, गॅलरीत कपडे वाळत घालत होती. रस्त्यावरचा गोंगाट नको म्हणून अण्णांनी तंद्रीतच गॅलरीच्या दाराला आतून कडी घातली. माईंनी दार बडवलं, हाका मारल्या. अण्णा मान वर न करता ओरडले, "तोंडी काही चालायचं नाही! जे असेल ते लेखी पाठव!"

माईंनी कपाळावर हात मारला आणि मोबाईलवर मेल लिहिला: "अहो, गॅलरीत अडकलेय. ताबडतोब दार उघडा."

अण्णांनी तो दोनदा वाचला, लाल फोल्डरमध्ये सरकवला आणि टुणकन उठून घरभर नाचत सुटले.

"अगं, आला! पहिला लाल आला! आहेस कुठे तू? लवकर ये बघायला!"