वळणावरचा आवाज

तिच्या रंगारी नवऱ्याच्या मोटारसायकलचा आवाज रोज वळणावर कमी व्हायचा, आणि दृष्टी गेलेल्या सासूबाई पलंगावरूनच सांगायच्या, "सूनबाई, ताट वाढ." दिवसभर ब्रश मारून मनगट भरून यायचं, म्हणून परवा त्याने थ्रॉटल लॉक बसवला. परतताना सरळ रस्त्यावर लावला, की अ‍ॅक्सिलरेटरची पिळलेली मूठ हात सोडला तरी जागची हलायची नाही. "आणि थांबायचं कसं रे?" सासूबाईंनी विचारलं. "मूठ उलटी फिरवायची, आई. त्यात काय!" आज सकाळी लॉक सैल वाटला, तेव्हा सुनेनेच पान्याने नट करकचून आवळून दिला. संध्याकाळी ताट पुसताना तिला खिडकीतून उतारावर त्याचं पिवळं हेल्मेट दिसलं. दोन्ही हातांनी तो मूठ उलटी पिळत होता. वळण आलं, आवाज चढाच राहिला. "वाढू नकोस," सासूबाई म्हणाल्या, "हा आपला नव्हे. आपला वळणावर आवाज कमी करतो."