वरचं अंगण

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास रऊफमामाच्या अंगणात ढोल वाजायला लागला आणि खाली हेमिनच्या खोलीत छतातून माती गळली.

इराणमधल्या हवरामानच्या डोंगरात खालच्याचं छत तेच वरच्याचं अंगण. माती भाताच्या ताटात पडली. लग्नाची ताटं भरायला हेमिनने खोली दिली होती. वरच्या घरात लग्न असलं की खालच्याने ती द्यायचीच असते. ताटं भरणाऱ्या दोघींनी माती बोटाने बाजूला केली. हेमिनच्या बायकोने, शिलानने, वर पाहिलं. मग हेमिनने पाहिलं. मधली तुळई वाकली होती. सकाळी ती सरळ होती.

त्या तुळईखाली अक्रोडाचा खांब होता. भाडं देऊन राहणाऱ्या तेहरानच्या पाहुण्यांना मोकळी खोली मिळावी म्हणून हेमिनने तो वसंतात काढला आणि त्याचे दोन तुकडे करून खिडकीपाशी दोन बाकं केली. तुळई जाड आहे, शेळ्या आणि चार माणसं सहज पेलेल, असं गवंडी म्हणाला होता. खांबाला हात लावण्याआधी वर जाऊन विचारायची गावात रीत आहे. हेमिन वर्षभर वर गेला तो फक्त आवाजाची तक्रार करायला. पहाटेचा कोंबडा, शेळ्यांचे खूर, पाऊस पडून गेला की अंगणाची माती दाबायला मामा फिरवतो तो दगडी रूळ. शेळ्यांना मोजे विणून घालू का, असं मामाच्या मुलाने एकदा विचारलं होतं, आणि अक्रोड उतरवून होईपर्यंत गाव त्यावर हसत होतं.

आज वर साठेक माणसं होती. हातात हात गुंफून, सगळी एकाच ठेक्यावर पाय आपटणारी.

हेमिन पायऱ्या चढून गेला. अंगणाच्या मधोमध खुर्चीवर नवरी बसली होती, मामाची धाकटी मुलगी गलावेज. तिच्या शेजारी ढोलवाला. रांगेच्या तोंडाशी लाल रुमाल फिरवत स्वतः मामा नाचत होता. हेमिन त्याच्या बाजूने चालत राहिला आणि नाच थांबवा म्हणाला.

"आज लग्न आहे रे बाबा," मामाने पाय न थांबवता सांगितलं. "आजच्या दिवस कानात कापूस घाल."

मागचा माणूस म्हणाला, शेळ्यांनी आज मोजे घातलेत, नीट बघ. रांगेत हसू पसरत गेलं.

हेमिनने मामाच्या कानाशी तोंड नेलं. "मामा, मधला खांब मी काढलाय."

मामाचा पुढचा पाय ठेक्यावरच पडला, पण त्याचा आवाज झाला नाही. पाहुण्यांसाठी चेहऱ्यावर हसू होतं ते तसंच राहिलं.

"खाली कोण आहे?"

"शिलान. आणि ताटं भरणाऱ्या दोघी."

"बाहेर काढ त्यांना. धावू नकोस."

हेमिनने ढोलवाल्याकडे पाहिलं. मामाने नको अशी मान हलवली. ढोल थांबला की नाच संपला, आणि नाच संपला की सगळं वऱ्हाड नवरीवर साखरेच्या गोळ्या उधळायला तिच्या खुर्चीभोवती गोळा होतं, पोरंटोरं धरून. सगळे एका जागी, बरोब्बर मधोमध. मामाने हे दोन वाक्यांत सांगितलं. ढोल चालू राहील, तो नाचतनाचतच रांग खाली गल्लीत नेईल. नवरीला हात धरून बापानेच उठवायचं असतं, आणि ती उठली तरी लोक तिच्याकडेच येतील. म्हणून ती शेवटी.

हेमिन पायऱ्या मोजत असल्यासारखा उतरला. दोघी बायका भाताचं पातेलं घेऊन बाहेर गेल्या. एवढा खर्च करून नव्या केलेल्या घरात असली धूळ, असं एक जण जाताना म्हणाली. शिलान गेली नाही. तिने बाकांवरच्या गाद्या आधीच खाली टाकल्या होत्या.

दोघांनी खांबाचा एक तुकडा तुळईखाली उभा केला, त्यावर दुसरा चढवला. खांब पुरला नाही. कुजलेलं टोक सुताराने कापून टाकलं होतं. खांब आणि तुळई यांच्यात फट राहिली. हेमिनने त्या फटीत हात घातला. तो मनगटापर्यंत सहज गेला.

दोघं खांब धरून उभी राहिली. वरचा एकेक आवाज हेमिनच्या ओळखीचा होता. आता रांग खुराड्यापाशी वळली. आता पुढचे पाय पायऱ्यांच्या दगडावर आले. थोड्या वेळाने खिडकीबाहेरून लाल रुमाल गेला. मामाने आत पाहिलं नाही. त्याच्यामागून पुरुष गेले, मग बायका. एकीने हात हलवून शिलानला नाचायला बोलावलं. शिलानने एका हाताने तिला येते म्हणून खूण केली. दुसरा हात खांबावर होता.

खिडकीपुढून माणसं जातच होती, पण वरचे पाय कमी होईनात. हेमिनला ते कळायला वेळ लागला. ढोल ऐकून वरच्या आळीतले लोक उतरत होते आणि अंगणात शिरून रांगेच्या शेपटाला हात जोडत होते. रीतच तशी आहे. मामा तोवर गल्लीच्या टोकाला पोहोचला होता. पुढच्याने रांग सोडली की नाच संपतो, म्हणून त्याला मागे येता येत नव्हतं.

पावणेपाचला ढोल चालू होता. गलावेजची खुर्ची एकदा करकरली आणि तुळईची माती शिलानच्या केसांवर पडली.

हेमिनने फटीत पुन्हा हात घालून पाहिला. आता फक्त बोटं जात होती.