गोमाजीची किक

वरच्या वाडीतला गोमाजी आपली जुनी मोटरसायकल उतारावरून घरंगळवत माझ्या आंबेनळी रस्त्यावरच्या गॅरेजात आला, तो भांडायच्या तयारीनेच.

"मागं गाडी तुझ्याकडं दुरुस्तीला टाकली, तेव्हा ठिणगी पाडणारी माझी चांगली कॉइल तूच काढून घेतलीस!"

"काका, तुमच्या गाडीतलं मी काय पण काढलं नाय."

चोर म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. ठिणगी येते का बघायला प्लग काढून इंजिनला टेकवला, चावी लावली आणि हातानेच किक दाबली. ठिणगी पडली नाही. दारात उभा असलेला गोमाजी मात्र कळवळला.

"शॉक लागला रे!"

तो गाडीला शिवलाही नव्हता. मला वाटलं, नाटकं करतोय. मी मुद्दाम पुन्हा किक दाबली. तो पुन्हा उडाला.

"किक मारू नको!"

मी कॉइलच सोडवली आणि त्याच्यासमोर फळीवर आपटली. "ही बघा तुमची कॉइल. आता कुठून येणार करंट?"

आणि गाडीवर चढून सगळा राग पायात आणून किक मारली.

गोमाजी मटकन खाली बसला. त्याची छाती धडधडू लागली, गाडी उभ्या जागी चालू ठेवावी तशी, एका लयीत. इंजिन थंडगार होतं.

"बंद कर रे," तो म्हणाला.

मी चावी फिरवून बाहेर काढली. गोमाजी चालूच राहिला.