बाबांचा रिमोट

हिंदमाताहून घरी ठाकूरद्वारला गाडी चालवत येताना बाबा पुन्हा एकदा रस्ता विसरले. मग अनुजाने व्हिडिओ बघत बघत घरीच गाडी लांबून चालू करायचा नवा रिमोट जोडला आणि बाबांच्या रिमोटची जोडणी तोडून टाकली. सांगणार कोण? तिचा धीरच झाला नाही.

सकाळी बाबांनी सवयीने गॅलरीतून बटण दाबलं. खाली वाडीत गाडी ढिम्म. त्यांनी सेल बदलला, रिमोट सदऱ्याला पुसला, पुन्हा दाबला. मग रडवेले होऊन म्हणाले, "हेही आता मला जमत नाही का गं?"

अनुजाला बघवेना. तिने ओढणीआडून नवा रिमोट दाबला. खाली इंजिन घुरघुरलं.

"बघ, झाली चालू!" बाबांनी पायात चपला सरकवल्या. "चल, आज ऑफिसला मीच सोडतो तुला."