समोरच्या दुकानातला शत्रू

शत्रूने बाबांची पँट दोन इंच आखूड केली आणि युद्ध पेटलं.

"हे काय शिवलंयस? गुडघे तरी झाकले जातील ना?" बाबा त्याच्या आरशासमोर उभे राहून ओरडले.

"नळवाल्याला बरी. भिजायची नाही," तोंडातल्या टाचण्या न काढता शत्रू म्हणाला.

शत्रू म्हणजे समोरचा शिंपी. त्याचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी एका टेकडीवर तो वर होता आणि बाबा खाली, वेगवेगळ्या गणवेशांत. पहाटे पाचला बाबांची तुकडी चढाई करणार होती. रात्री बाराला युद्धबंदी झाली. मग कुणीतरी नकाशावर नवी रेघ ओढली, शत्रूचं गाव रेघेच्या अलीकडे आलं, आणि शत्रू शिलाई मशीन घेऊन बाबांच्या नळदुरुस्तीच्या दुकानासमोर येऊन बसला. तेव्हापासून दोघं रोज भांडत होते. चहा दोन वेळा, भांडण एकच.

"पाच तास मिळाले असते ना, तर मानगूट धरून खाली आणला असता तुला," बाबा म्हणाले. "अर्धवट सोडलेलं युद्ध म्हणजे गळका नळ. चिंधी बांधून गळायचा थांबत नाही तो. भिंत फोडून एकदाच काय तो पाइप बदलायचा. जिंकल्याशिवाय शांतता टिकत नाही."

"मग चाळीस वर्षं काय टिकलंय? तुझे केस?" शत्रूने टाचण्या हातात घेतल्या. "अरे, हरलेल्याला झोप लागत नाही. आणि तो उठून बसला की जिंकलेल्याचीही मोडते. चिंधी तर चिंधी. जग ठिगळांवरच चाललंय."

"बोलतोय कोण, तर शिंपी!"

"मग यायचं होतंस की वर. आम्ही वाटच बघत होतो."

बाबांची मुलगी दारात येऊन उभी होती. "बाबा, त्या बाईंचा परत फोन आला. पाणी घोट्यापर्यंत आलंय म्हणे."

"येऊ दे. इथे तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्वाचा प्रश्न सुटला नाही. बाबा तीच आखूड पँट घालून, तरातरा, त्या बाईंकडे गेले. मागून शत्रू ओरडला, "चाल बघा, चाल! म्हणे तुकडी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, ओट्याखाली, पाना हातात असतानाच वारले. नळ मात्र दुरुस्त झाला होता. त्या घरच्या माणसाने तिला हे दोनदा सांगितलं. दुसरं काय सांगावं, ते त्यालाही सुचत नसावं.

आठ दिवसांनी माजी सैनिकांच्या संघटनेने शोकसभा ठेवली. त्या दुपारी ती बाबांच्या दुकानात बसून वॉशर मापाप्रमाणे वेगळे करत होती. कुणी सांगितलं नव्हतं. हाताला काम हवं होतं. शत्रू रस्ता ओलांडून आला. अंगात इस्त्रीचा कोट, हातात चार घड्या घातलेला कागद.

"सभेत हे वाचणार आहे. आधी तू ऐक."

"वाचा ना."

त्याने कागद उघडलाच नाही. "त्या रात्री वर आम्ही सात जण होतो. गोळ्या अकरा. माणसं जास्त वाटावीत म्हणून रात्रभर डबे बडवत होतो. तुझा बाप आला असता तर हात वर केले असते आम्ही. जिंकला असता तो."

तिच्या हातातला वॉशर घरंगळत टेबलाखाली गेला. "मग त्यांना सांगितलं का नाहीत कधी?"

"सांगितलं असतं तर जिंकलाच असता की! आणि जिंकलेला माणूस हरलेल्याकडे रोज चहाला कशाला येईल?" तो रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. "पण आठ दिवस डोळ्याला डोळा नाही. एका माणसाचा विजय चाळीस वर्षं दाबून ठेवला मी. आज देऊन टाकतो. माझ्याकडचे चार जण अजून जिवंत आहेत, ते थुंकतील तोंडावर. थुंकू देत."

तिने कागद घेतला आणि उघडला. अक्षर बारीक, मापं लिहिल्यासारखं. हे सभेत वाचलं गेलं असतं, तर बाबांना हवा होता तो विजय मिळाला असता, तोही शत्रूच्या सहीने. संघटनेच्या फलकावर नाव लागलं असतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्याची तर तिला सवय होती. आठवीत असताना ती शूर वडिलांवर निबंध लिहायला बसली, तेव्हा बाबांनी तिला दुकानाच्या मागच्या बाजूला नेऊन एक गोष्ट सांगितली होती. निबंधाचा विषय बदलायला लावला होता. वर शपथ घातली होती: शत्रूला कळता कामा नये, मी मेलो तरी.

"चल, उशीर होईल," शत्रू म्हणाला. त्याने कागद परत घेतला. पण स्वतःच शिवलेल्या कोटाचा खिसा त्याला सापडेना. दोनदा हात अस्तरावरून घसरला.

आजवर तिने त्याला कशानेही हाक मारली नव्हती. घरात शत्रू, समोर नुसतं "अहो."

"बसा, काका," ती म्हणाली. "बाबा येणारच नव्हते. डबक्यातलं पाणी प्यायले होते सगळे. तुम्ही वर डबे बडवत होतात, तेव्हा खाली अख्खी तुकडी पोट धरून झुडपांमागे बसली होती, आणि उजाडेपर्यंत एकालाही उठता आलं नाही."